मारुतीच्या गुडघ्याला पाणी

आक्का, आपलं भांडण अर्धवट टाकून तुम्ही गेलात, हे काही बरं केलं नाहीत. तुमच्या भावाशी लग्न करून मी पंचवटीत आले, तेव्हापासून आपली किती भांडणं झाली असतील! पुरणात जायफळ घालायचं की वेलची, तुमच्या रामदासच्या लग्नात मानपानाच्या साड्या घ्यायच्या की नाही, माझ्या वरणात मीठ का कमी असतं. ती सगळी मिटली, म्हणजे शेवटचं वाक्य तुम्ही बोललात आणि मी गप्प बसले. नणंद-भावजयीचा न्याय असाच असतो. हे एकच भांडण राहिलं. सात पावसाळे आपण ते भांडत होतो आणि दर वेळी तुम्ही "पुढच्या वर्षी बघू, कुसुम" म्हणत पदर खोचून उठायचात.

तुम्हाला जाऊन आता दीड महिना झाला. शेवटी मी एकटीनेच त्याचा निकाल लावला. तुम्हाला न विचारता केलेली ही माझी आयुष्यातली पहिली गोष्ट असेल.

सुरुवात त्या सकाळपासून करते, जिच्याविषयी आपण घरातल्या घरातसुद्धा हळू आवाजात बोलायचो. दोन दिवस पाऊस चालू होता. मी घाटावर भाजीला गेले होते. नदी चढली होती आणि अर्धी पंचवटी पुलावर उभी राहून मारुती बघत होती. आम्हा नाशिककरांना पुराचं दुसरं माप ठाऊकच नाही. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या पायाला पाणी लागलं की छत्र्या घेऊन बघायला जायचं, कमरेला लागलं की दुकानं आवरायला लागायची, आणि छातीला लागलं की खरंच घाबरायचं. त्या दिवशी पाणी गुडघ्याला होतं. मी तिथूनच तुम्हाला फोन लावला आणि मोठ्या ऐटीत सांगितलं, "आक्का, मारुतीच्या गुडघ्यालाच पाणी आहे. काही होत नाही. निवांत राहा."

तुम्ही गल्लीत जाऊन तेच सांगितलंत. माहेरी शुद्ध बोलणाऱ्या तुम्ही सायखेड्याकडे नांदायला जाऊन अगदी तिकडच्या झाला होतात, यावरून तुमचा भाऊ तुम्हाला कायम चिडवायचा. "नाशकावरून निरोप हाय. गुडघ्यालाच पाणी हाय. बांधा गुरं." खालच्या गल्लीने सोडलेली गुरं परत दावणीला बांधली. तलाठ्यांचा मेसेज सकाळीच मोबाइलवर येऊन पडला होता, पण त्यात क्युसेकचे आकडे होते, आणि त्याच वेळी गावात मारुतीचे फोटो फिरत होते. आकडे कुणी वाचले नाहीत. सगळे मारुती बघत बसले.

मारुती उभा आहे गोदावरीत. त्याच्या पुष्कळ खाली दारणा येऊन गोदावरीला मिळते, आणि तुमचं गाव त्या संगमाच्याही खाली. इगतपुरीच्या डोंगरात पडलेला पाऊस दारणेतून उतरतो. त्याचा नि नाशिकच्या मारुतीचा काही संबंधच नाही. हे मी शाळेत भूगोलाच्या तासाला शिकले होते, परीक्षेत नकाशाही काढला होता. पण नदीशी माझं नातं नकाशातलं नव्हतं, मारुतीचं होतं. तुमचंही तेच होतं. दुपारी जेवणं चालू असताना दारणेचं पाणी तुमच्या गल्लीत शिरलं.

माणसं वाचली. शेजारच्या भिकाभाऊंच्या आईला अर्धांगवायू झालेला, तिला चौघांनी बाजेसकट खांद्यावर घेऊन वरच्या मळ्यात नेलं. पण तुमच्या दोन म्हशी आणि भिकाभाऊंची बैलजोडी दावणीलाच राहिली.

तिसऱ्या दिवशी मी गाळ काढायला आले. भिकाभाऊ रिकाम्या गोठ्यासमोर उकिडवे बसले होते. तुमच्याकडे बघून म्हणाले, "आक्का, तुमच्या भरवशावर बांधले व्हते." मी बोलायला तोंड उघडलं. तुम्ही गाळाच्या हाताने माझं मनगट असं दाबलंत की काचेची बांगडी पिचली. "चुकलं माझं, भाऊ," तुम्ही म्हणालात आणि पुन्हा फावडं हातात घेतलंत. मी तुमच्या शेजारी उभी होते आणि मी काही बोलले नाही.

आत येऊन मी रडायला लागले तर तुम्ही केवढ्या खेकसलात! "रडायचं नंतर. मारुती तुझ्या दारात हाय. दारणा कुनाच्या दारात हाय, ते आधी सांग." त्या वेळी तुमच्या चुलीपाशी गुडघाभर गाळ होता. दोन म्हशी गेल्या होत्या. आणि तुम्ही मला भूगोल विचारत होतात. आक्का, त्या क्षणी मला तुमचा राग आला होता. आता आठवलं की ऊर भरून येतो.

त्या प्रश्नावरून साखळी उभी राहिली. दारणेच्या धरणाजवळ तुमच्या जावेची भाची लता दिलेली होती, ती तुम्हाला आठवली. तिला म्हणालात, "लते, दरवाजे उघडायचा भोंगा वाजला की हातातलं पीठ तसंच ठेवून मला फोन करायचा." मग तुम्ही मला घेऊन हरसूलच्या बाजाराला निघालात. मला वाटलं, नागली घ्यायला निघाल्यात. तिथे तांदूळ विकायला बसलेल्या सोनीबाईशी तुम्ही तासभर गप्पा मारल्यात, तिच्या चंचीतलं पान खाल्लंत आणि तिचा नंबर घेतलात. परतताना एसटीत मी म्हटलं, "आक्का, हरसूलचं पाणी तिकडे गुजरातेत जातं. ते आपल्या नदीत येतच नाही." तुम्ही खिडकीबाहेर बघत शांतपणे म्हणालात, "पाणी जाऊ दे तिकडं. ढग तर तिकडूनच येत्यात ना?" तेव्हापासून पाऊस आपल्याकडे यायच्या आधी सोनीबाईचा फोन मला येतो, आणि पुढे तुम्हाला कळवायचं काम माझं.

आणि ते पेटीचं हळदीकुंकू! लोक मला अजून विचारतात की ही कल्पना कुणाची. खालच्या गल्लीतल्या प्रत्येक घराला वरच्या मळ्यातलं एक घर तुम्ही नेमून दिलंत. पाणी आलं की त्या घरी जायचं, विचारायचं नाही. पण बायका तयार होईनात. दुसऱ्याच्या दारात गाठोडं घेऊन उभं राहायचं म्हणजे मान खाली घालायची. मग तुम्ही ज्येष्ठात, पेरणीच्या आधी, हळदीकुंकू ठरवलंत. खालच्या बाईने आपली पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन वर जायचं. त्यात रेशनकार्ड, सातबारा, मुलांचे दाखले, किडूकमिडूक. वरच्या बाईने तिची ओटी भरायची आणि पेटी दिवाळीपर्यंत आपल्या माळ्यावर ठेवायची. ओटी भरून घेतलेल्या घरात पुन्हा पाऊल टाकायला कुणाला लाज वाटत नाही, हे तुम्हाला कळलं होतं. सरकारी शिबिरात आलेल्या मोठ्या साहेबांना ते सुचलं नसतं, असं मी म्हटलं तर तुम्ही मला दटावलंत. म्हणालात, त्यांनी धरणाचा आकडा वेळेवर दिला तरी पुष्कळ.

पहिल्या वर्षी कुणीतरी कुजबुजलं की विधवा बाईने हळदीकुंकू काढलं. तुम्ही कुंकवाचा करंडा उचललात आणि पहिलं बोट स्वतःच्या कपाळाला लावलंत. तुमच्या मागोमाग गावातल्या आणखी तिघी विधवा उठून पुढे आल्या.

त्याच वर्षी भिकाभाऊंच्या घरची पेटी मात्र आली नाही. पूर येऊन गेल्यापासून ते तुमचा उंबरा चढत नव्हते. तुम्ही उन्हात त्यांच्या दारी जाऊन उभ्या राहिलात. "वहिनी, पेटी द्या. मी घेते डोक्यावर." त्यांच्या बायकोने पेटी दिली. भाऊ बाहेर आले नाहीत. मी तुमच्या मागे चालत होते. तुमच्या डोक्यावर त्यांची पेटी, आणि पाठीवर माझी चूक. ती चढणीची वाट मला कधी एवढी लांब वाटली नव्हती.

तलाठी मॅडम नवीन होत्या, तुमच्या मुलीच्या वयाच्या. त्यांना तुम्ही चहा देऊन बसवलंत आणि म्हणालात, "मॅडम, तुमचा आकडा माझ्या पायरीवर आणून ठेवा." त्यांना आधी कळेना. मग कळलं तेव्हा त्या तुमच्याबरोबर वही घेऊन गल्लीभर हिंडल्या. कुठल्या साली किती पाणी सोडलं होतं ते त्या कागदात बघून सांगायच्या, आणि ते कुणाच्या कितव्या पायरीला लागलं ते म्हाताऱ्या सांगायच्या. दोन्ही जुळवून घराघरांच्या पायऱ्यांवर तेलरंगाने आकडे काढले. आता मेसेज आला की शाळेत न गेलेली बाईसुद्धा पायरीकडे बघून ठरवते, उठायचं की नाही. मॅडम परवा मला म्हणाल्या की आपली नोकरी आपण आक्कांच्या ओट्यावर शिकलो.

तालुक्याला तुमचा सत्कार झाला, तो तर मी जन्मात विसरणार नाही. शाल, नारळ, फोटो. दोन शब्द बोला म्हणाले. तुम्ही माइक तोंडाजवळ इतका धरलात की पहिलं ऐकू आलं ते तुमचं खाकरणं. मग म्हणालात, "शाल लय हायेत घरी. दारणेकाठच्या अजून चार गावांतल्या बायांचे नंबर द्या." सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत, वही उघडून उभ्याच राहिलात. त्या दिवशी तुम्हाला दोनच नंबर मिळाले. बाकीचे तुम्ही दिवाळीपर्यंत मिळवलेत.

पाऊस बदलला, हे तुम्ही सगळ्यांच्या आधी बोलून दाखवलंत. पूर्वी झड लागायची, आठ दिवस भुरभुर पडत राहायचं. आता महिनाभर ऊन आणि मग एका दुपारी सगळा पाऊस. कांद्याची चाळ नदीकाठून उचलून तुम्ही मळ्याच्या माथ्यावर नेलीत तेव्हा रामदासच तुमच्यावर हसला होता. पुढच्याच वर्षी गावातल्या निम्म्या चाळी तुमच्या चाळीच्या शेजारी उभ्या होत्या. "मीच आधी जागा धरली म्हणून सावलीत हाय," असं तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचात.

आता आपलं भांडण. दर ज्येष्ठात पेट्या वर पोचल्या की मी म्हणायची, "आक्का, भिकाभाऊंना खरं काय ते सांगते." आणि तुम्ही म्हणायचात, "सांगून बैल येणार हायेत का?"

"पण बोल तुम्हाला लागतोय."

"लागू दे. मला जड नाय." मग तुम्ही तुमचा तो हुकमी मुद्दा काढायचात. "तुझं मन हलकं होईल, अन् साखळी कच्ची होईल. उद्या तू निघा म्हणालीस आणि भिका म्हणाला, हीच ती गुडघ्यावाली, तर? गल्ली बसून राहील. मग?"

तरी मला पटायचं नाही. जिने खोटा दिलासा दिला तिच्यावर गाव विसंबून आहे आणि गावाला ते माहीत नाही, ही कसली साखळी? मी हे बोलले की तुम्ही विषय बदलायचात. खरं सांगू? मला तुमचं ऐकायला सोपंही जात होतं. सात वर्षं तुम्ही माझं ओझं वाहिलंत आणि मी एकदासुद्धा तुमचे आभार मानले नाहीत. भांडत राहिले, कारण आभार मानले असते तर ओझं तुमच्यावर आहे हे कबूल करावं लागलं असतं.

या वर्षीचं हळदीकुंकू तुम्ही पार पाडलंत, पेट्या मोजून घेतल्यात आणि चार दिवसांनी दुपारी जरा पडते म्हणून आडव्या झालात, त्या उठलाच नाहीत. सवयीच्या विरुद्ध, एक शब्द न बोलता.

दहाव्याला तुमच्या नदीकाठी केवढी माणसं! लता आली होती, हरसूलहून सोनीबाई दोन गाड्या बदलून आली होती. वरच्या मळ्यातल्या बायका होत्या, चार गावांच्या बायका होत्या. प्रवचन झालं आणि मग आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे पुढारी एकेक करून माइकवर श्रद्धांजली वाहू लागले. एकाने तुम्हाला माउली केलं, एकाने रणरागिणी. तुम्ही असतात तर माझ्या कानाशी लागून म्हणाला असतात, "संपव म्हणावं, भाताची वेळ झाली." मी बसल्या जागी तुमची किती वाट पाहिली त्या वाक्यासाठी. ते आलं नाही, तेव्हा मी उठले.

बाईमाणूस दहाव्याला माइक घेत नाही. मी घेतला. म्हटलं, "त्या पुराच्या दिवशी गुरं बांधा हा निरोप आक्कांचा नव्हता. तो माझा होता. मारुतीच्या गुडघ्याला पाणी आहे, असं नाशिकहून मी सांगितलं. आक्कांनी तो आळ सात वर्षं स्वतःवर घेतला. भिकाभाऊ, तुमचे बैल माझ्यामुळे गेले." एवढंच बोलले.

भिकाभाऊंनी मान वर केली नाही. मांडीवरची टोपी झटकली, डोक्यावर घातली आणि घाट चढून निघून गेले. गर्दीत चुळबुळ झाली. रामदास माझ्याजवळ आला, डोळे लाल. "मामी, आजच काय गरज होती? आता तुमचा फोन गेला तर उठंल का कोणी?" तुमचाच प्रश्न, तुमच्याच पोराच्या तोंडून. मला वाटलं, आक्कांनी सात वर्षं जे सांभाळलं ते मी पाच मिनिटांत मोडलं.

तुमच्या वहीत पाहिलं तर तुमच्या नावाखाली गल्लीसाठी पहिला नंबर भिकाभाऊंचा. तुमच्या वाकड्या अक्षरात, शेजारी लिहिलेलं, 'हा आधी उठेल.' रामदास सिन्नरला कंपनीत जातो, कामावर फोन जवळ ठेवू देत नाहीत. म्हणजे आता वरचा निरोप थेट मीच भिकाभाऊंना द्यायचा. मी दोनदा फोन हातात घेतला, निदान बोलणं तरी सुरू व्हावं म्हणून. लावला नाही.

आणि मग मागच्या आठवड्यात सकाळी सोनीबाईचा फोन. "बाय, पाणी लय पडतंय. समोरचा डोंगर दिसत नाय." दोन तासांनी लता. मागे भोंगा वाजत होता, ती ओरडून सांगत होती, "मामी, दरवाजे उघडतायत!" तेवढ्यात तलाठी मॅडमचा मेसेज आला. मी घाटावर होते. समोर मारुती, आणि त्याचे पायसुद्धा धड भिजलेले नव्हते. पुलावरची माणसं हिरमुसून परत निघाली होती.

मी भिकाभाऊंना फोन लावला. बराच वेळ वाजला. उचलला, पण पलीकडून कुणी बोललं नाही.

"भाऊ, मी कुसुम. नाशिकहून."

गुरांच्या घंटांचा आवाज तेवढा येत होता.

"दारणेचं पाणी सोडलंय. इथे मारुतीचे पाय कोरडे आहेत, तरी सांगते, निघा. मागच्या वेळी मीच चुकीचं..."

"ताई," ते मध्येच म्हणाले, "त्ये दहाव्याला ऐकलं. आता फोन ठिवा. गुरं सोडायचीत."

फोन बंद झाला. आक्का, मी भर बाजारात, मेथीच्या जुड्यांशेजारी, पायरीवर बसले आणि हसले. मग रडले. भाजीवालीने पाणी दिलं.

दुपारी पाणी आलं. तुमच्या ओट्याच्या तिसऱ्या पायरीला लागलं, मॅडमने रंगवलेल्या आकड्यापर्यंत, तंतोतंत. गल्लीत एकही माणूस नव्हता. म्हातारी माणसं मळ्यात आपापल्या ठरलेल्या घरी बसून चहा पीत होती, आणि कुणाच्या घरचा चहा गोड यावरून भांडत होती. कुणाची मान खाली नव्हती. हे सगळं तुम्ही केलंत. एका मॅट्रिक नापास बाईने, एका वहीवर. मी कुणाची भावजय आहे ते आता मी न विचारता सांगत सुटते.

संध्याकाळी भिकाभाऊंनी आपणहून फोन केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आधी नुसतं खाकरले. मग म्हणाले, "आक्कांना आमी लय बोललो. उंबरा चढलो नाय त्यांचा. एकदा तरी सांगायचं व्हतं त्यांनी." मग तेच पुढे म्हणाले, "तुमी निरोपाचं काम करता ना? मग त्यांना एवढं कळवा."

म्हणून कळवते. आक्का, सगळी गुरं वर पोचली.